निळ्या पट्ट्यांचे पाहुणे

(संध्याकाळ. घरामागचं परस. दोघी विहिणी चटईवर पालथ्या पडलेल्या, हनुवट्या तळहातांवर, नजर समोरच्या वाळक्या काडीला लटकलेल्या मधमाश्यांवर.)

सुनेची आई : हसू नका हो, विहीणबाई. तुमचं पोट हललं की चटई हलते, चटई हलली की काडी हलते.

मुलाची आई : हसत नाहीये, शिंक दाबतेय.

सुनेची आई : आणखी थोडी दाबा. तो बघा, आणखी एक आला. घिरट्या घालतोय. धरली काडी जबड्यात, आणि पाय दिले सोडून.

मुलाची आई : झोपला? इतक्यात? जन्मभर नर्स होते मी, पण इतक्या पटकन झोपलेला पेशंट नाही पाहिला.

सुनेची आई : आणि पट्टे काय निळे आहेत. कुणीतरी बसून काठ शिवून दिल्यासारखे. मला असा दोरा मिळाला असता ना, तर गावातल्या सगळ्या बायका माझ्याकडेच ब्लाउज शिवायला आल्या असत्या.

मुलाची आई : रोपं देणारा नर्सरीवाला म्हणाला, या मधमाश्यांतले हे सगळे पुरुष. यांच्या बायका मातीत बीळ करून आत झोपतात.

सुनेची आई : आणि हे बाहेर काडीला लोंबकळणार. भांडण झालं असेल.

मुलाची आई : आता तुम्ही हसताय. चटई हलली.

मुलगा : आई? मामी? अगं, काय झालं? पडलात का दोघी?

मुलाची आई : हळू बोल. आलास का? ये. सूनबाई कुठे आहे?

मुलगा : बेल वाजवून बोट दुखलं माझं. ती शेजारी किल्ली आणायला गेलीय, मी बोळातून मागे आलो. तुम्ही अशा पालथ्या का? आणि... आई, माझं लॉन कुठाय?

सुनेची आई : प्रवास बरा झाला ना?

मुलगा : मामी, लॉन.

मुलाची आई : लॉन गेलं. हुमणी लागली, अळ्यांनी मुळं खाल्ली. मी कडेला हात लावला तर सतरंजीसारखं गुंडाळत आलं.

मुलगा : मग फोन करायचा. मी औषध सांगितलं असतं.

मुलाची आई : म्हणूनच नाही केला.

मुलगा : दोन वर्षं लहान मुलासारखं वाढवलं मी ते. आणि त्याजागी काय, तर हे रान? ही तर रुई आहे, रस्त्याकडेची.

सुनेची आई : रुई, तेरडा, रानतुळस. इथलीच झाडं, फार लाड लागत नाहीत त्यांना. रुईवर फुलपाखरानं अंडी घातली होती, जावईबापू. टाचणीच्या डोक्याएवढी. त्यांच्या अळ्या झाल्या, आणि अख्खी फांदी फस्त केली त्यांनी.

मुलगा : आणि तुम्ही खाऊ दिली?

मुलाची आई : टाळ्या वाजवल्या आम्ही. शेजारीण वाकून बघत होती, तिला वाटलं दोघींना वेड लागलं.

मुलगा : तिला एकटीलाच वाटलं नसणार. तुम्ही दोघी तर लग्नात एकमेकींशी धड बोललाही नव्हतात.

मुलाची आई : या मला म्हणाल्या होत्या, फोटोत मागे उभ्या राहा.

सुनेची आई : उंच आहात म्हणून म्हटलं होतं हो.

मुलाची आई : हे मला खड्डे खणताना कळलं. तोवर वर्षभर मी तो राग जपून ठेवला होता. तुम्ही दोघं काही महिने कामासाठी बाहेर गेलात आणि मला सोबत म्हणून सूनबाईनं यांना धाडलं. पहिला आठवडा आम्ही फक्त 'झोप लागली का' एवढंच विचारत होतो एकमेकींना. मग लॉन मेलं.

मुलगा : चांगलंच झालं म्हणायचं तर. पण मी उद्या माणसं बोलावतो. सगळं सपाट करून नवं लॉन टाकू.

मुलाची आई : अरे, पण...

सुनेची आई : थांबा विहीणबाई, मी बोलते. जावईबापू, आजवर तुमच्या घरात मी शब्द काढला नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मी जाणार होते, पिशवीही भरलीय. आता जात नाही. इथेच चटई टाकून बसते. बघते कोण सपाट करतं.

मुलाची आई : अगं बाई.

मुलगा : मामी, तुम्ही रागावलात?

सुनेची आई : बहुतेक. सवय नाही, त्यामुळे नीट जमतंय की नाही कळत नाही.

मुलाची आई : उत्तम जमतंय. चालू ठेवा.

मुलगा : आई, तू हसतेयस.

मुलाची आई : हसू नको तर काय करू? विहिणीचं नातं मला मानपानात मिळालं, पण मैत्रीण मिळाली ती या मातीत. ती तू उद्या सपाट करणार. कर बाबा. पण आधी खाली वाकून एकदा बघ.

मुलगा : माझी इस्त्रीची पँट आहे.

मुलाची आई : दुसरी आहे.

मुलगा : कुठे बघू? मला तर नुसती वाळकी काडी दिसतेय.

सुनेची आई : आणखी खाली या. डोकं जमिनीला टेकवा. आता उजवीकडे.

मुलगा : ...अरे. हे सगळे झोपलेत?

मुलाची आई : रांगेनं.

मुलगा : मामी, त्या टोकाच्याला पुरेशी काडीच उरली नाही. घसरतोय तो. पडेल.

सुनेची आई : पडत नाही. बघत राहा, शेजारचा सरकेल थोडा.