दादाचा डोळा आणि दादाचं पोट

अहो, पण विचारायचं तरी कसं? सख्खा भाऊ डोळ्यांच्या डॉक्टरसमोर बसलाय, डोळा टोमॅटोसारखा लाल, आणि आपण विचारायचं, पोट कसं आहे? दादा तर खेकसलाच, 'डोळ्याचं आणि पोटाचं काय नातं? गप बस!' तुम्हाला सांगते, मी इतकी वर्षं परदेशात जनुकं शिकले, म्हटलं परत जाऊ, लोकांचं भलं करू... आणि घरातलाच माणूस ऐकेना!

दादा घड्याळजी. डावा डोळा सारखा लाल व्हायला लागला, तर याने दोष कुणाला द्यावा? भिंगाला! भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि काम चालू! तिकडे पोटात कळा, संडासात रक्त... ते मात्र कुणाला सांगायचं नाही. आई म्हणते, 'चारचौघांत असलं बोलतात का? आणि डोळ्याचं नि पोटाचं काय नातं, बाई?'

नातं? अहो, रक्ताचं नातं! काही जनुकं आतड्याला सूज येण्याचा धोका वाढवतात, आणि त्यांतलीच काही डोळ्याच्या आतल्या सुजेचाही. शरीराचे पहारेकरीच बिथरतात, आतडं झोडपतात आणि जाता जाता डोळ्यालाही एक ठेवून देतात! हे अंगावर काढलं तर नजर जाऊ शकते. घड्याळजीची नजर हो!

पुढच्या खेपेला राहवेना. दवाखाना भरलेला, मध्ये नुसता पडदा, आणि मी ओरडले, 'डॉक्टर, याला संडासातून रक्त पडतं!' थेंब घालणाऱ्या नर्सबाईंचा नेम चुकला, औषध समोरच्या पेशंट आजोबांच्या मिशीत! दादा दातओठ खात, 'घरी चल, बघतो तुला.' पण डॉक्टरांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. 'हे आधी का नाही सांगितलं?' लगेच पोटाच्या डॉक्टरांना फोन, तपासण्या, दोघांनी मिळून औषध ठरवलं, आणि... जिंकलो हो! पोट शांत, डोळा स्वच्छ! काल दादाने डाव्या डोळ्याला भिंग लावून राईएवढा स्क्रू बसवला! आणि आई? शेजारणीला ऐकवत होती, 'डोळ्याचं आणि पोटाचं काय नातं, ते आमच्या मुलीला विचारा!'

आज पुन्हा दाखवायला गेलो. दवाखाना तुडुंब. डॉक्टर म्हणाले, 'शाब्बास! तुमच्यामुळे नजर वाचली.' सगळे बघतायत, माझी मान ही अशी ताठ... आणि ते तशाच खणखणीत आवाजात, 'पण हे घराण्यातून येऊ शकतं, तुम्हीच म्हणता. तुम्ही सख्ख्या बहीण. तुमचं पोट कसं आहे?'

पडद्यापलीकडे सगळे कान टवकारून. दादा तर खुर्ची पुढे ओढून बसला.

काय करते... म्हटलं, 'डॉक्टर, जरा कानात सांगू का?'