लांबून वाचता येणारी सुकेळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय भालचंद्र पाटील गुरुजी, व्यासपीठावरील मान्यवर, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती हेमाली, तिचे आईवडील आणि आगाशीच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

हेमाली अक्षरं घडवते. संगणकावर आपण बोटानं उमटवतो ती अक्षरं आधी कुणीतरी काढलेली असतात, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मी आपला सुकेळी विकणारा. आधी सायकलवरून, मग स्टँडसमोरच्या दुकानात.

दुकानाची पाटी आमच्या उमंगनं केली होती. बारीक, नाजूक, वळणावळणाची अक्षरं. पोराचं कौतुक, बोलणार काय? पण गल्ल्यावर बसलं की बसथांब्यावरचं सगळं ऐकू येतं. एक बाई म्हणाली, "पार्लर दिसतंय." दुसरी म्हणाली, "छे गं, दातांचा दवाखाना." आणि इकडे घरी केळी सुकवणारी माझी मालनकाकी म्हणत होती, "नरहरी, घेणारं कुणी नाही. हा माझा शेवटचा हंगाम." काकीनं हात थांबवला की आमच्या घरची सुकेळी संपली. दुसऱ्या कुणाला ती जमतच नव्हती.

हे मी हेमालीच्या कानावर घातलं. ती आली, सुकेळीचा पुडा मागितला, निम्मा खाल्ला आणि उरलेला समोर ठेवून अक्षरं काढू लागली. जाडजूड, एकमेकांना बिलगलेली, आतली पोकळी जेमतेम. शिरोरेषा तर घराचा वासाच! वेलांटीसुद्धा अंगासरशी ओढलेली. मी म्हटलं, "अगं, जरा मोकळं सोड की!"

"काका, बस थांबते किती वेळ? एका नजरेत दिसलं पाहिजे."

पाटी लागली आणि बसच्या खिडकीतून आरोळी ऐकू आली, "अहो, सुकेळी! उतरा, उतरा!"

मग तिनं सगळी मुळाक्षरं पुरी केली आणि गावाला वापरायला दिली. सॅमीच्या टेम्पोवर, कामणच्या गोदामांवर, नाटकाच्या फलकावर ती काय शोभली! पण आपण आगाशीकर, थांबतोय कुठे? जितेंद्रनं आजोबांच्या उत्तरकार्याचा फलकही त्यातच केला. लोक फोटो बघून विचारायचे, "कुठल्या प्रभागातून उभे आहेत?" हसू नका, जितेंद्र इथेच बसलाय. तेव्हा हेमालीनं समजावलं, "दादा, हे अक्षर हाक मारायला आहे. हळू बोलायचं तिथे दुसरं घे." पत्रिकेचा बारीक मजकूरही यात घालू नका. शाई सांडल्यासारखा दिसतो. स्वानुभव आहे.

हेमाली, आता तू पुण्याला चाललीस, अक्षरांच्याच कामाला. तुझे आभार मी कुठल्या शब्दांत मानू? यंदा काकीशेजारी आमची सून कृतिका सुकेळीसाठी राजेळी केळी सोलायला बसते. काकीला गुडघ्यांमुळे येता आलं नाही, पण निघताना म्हणाली, "पोरीला सांग, कृतिकाचा हात अजून बसला नाही. मला काही इतक्यात थांबता येत नाही."

मंडळी, तुम्ही ऐकून घेतलंत, ऋणी आहे. भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर घरचा माणूस समजून पोटात घाला. नमस्कार.