वाघजाईच्या डोहावरची सावली

मंडळी, एक विचारतो. मायेनं केलेल्या कामानं जीव गेला, तर ते पाप कोणाच्या माथी मारायचं? बोला! सेक्रेटरीसाहेब, तुम्ही नका बोलू, तुम्ही लगेच ठराव मांडाल! आख्यान ऐका, उत्तर त्यात आहे.

घाटाखाली तळकोंड नावाचं गाव. वाघजाईचं देऊळ, देवळामागं नदीचा डोह. त्या डोहातले मासे देवीचे! हात हात लांबीचे, पण गळ टाकायची कोणाची छाती नाही. कोकणातला माणूस, समोर मासा, आणि खात नाही! केवढी भक्ती म्हणायची! हसा, आत्ताच हसून घ्या. पुढं हसू यायचं नाही.

तिथं सगुणाआक्का, देवळाची झाडलोट करणारी गुरवीण. नवरा लवकर गेला. एकुलती एक लेक शेवंता, तीही सातव्या वर्षी तापानं गेली. मग आक्कानं काय केलं? लेकीच्या कानातली सोन्याची बाळी घेतली, डोहातली एक कोवळी मासोळी ओंजळीत धरली, आणि तिच्या पाठीवरच्या पंखात ती बाळी अडकवली. म्हणाली, "जा शेवंते, आता देवीच्या घरी नांद."

अकरा वर्षं, मंडळी! रोज सकाळी आक्का पायरीवर बसायची, भाताचे गोळे टाकायची. "शेवंते, ये गं बाय!" की बाळी चमकवत मासा हजर! तेवढ्यावर ती बाई जगत होती.

एका वर्षी वादळात काठचा उंबर कोसळला. वैशाखाचं ऊन थेट पाण्यावर! मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. आक्काचा जीव वरखाली! उत्सवाच्या मांडवाची हिरवी जाळी, प्लास्टिकची बरं का, मंडळाकडं उरली होती. आक्कानं ती मागून घेतली, भाऊ धाकूला हाताशी धरलं आणि डोहावर ताणून बांधली. गार सावली झाली.

त्यानंतरच्या उत्सवात कीर्तनाला कोण होतं? हाच, तुमच्यापुढं उभा आहे तो बुवा! मी भर सभेत आक्काला उभं केलं. "मुक्या जिवाला सावली देणाऱ्याला सात जन्मांचं पुण्य!" टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

तिसऱ्या वर्षी शेवंता वाळायला लागली. खाते, पण वाळते! डोकं मोठं, अंगाची काडी. आक्कानं गोळे वाढवले, देवीपुढं पदर पसरला. "आई, माझी एक नेलीस. ही तरी ठेव गं!" अहो, आईनं किती वेळा मागायचं एकच दान?

आणि एका सकाळी हाक मारली, तर आली नाही. काठाशी बाळी चमकली. शेवंता पोट वर करून तरंगत होती.

धाकू म्हणाला, "आक्का, कुणी इख घातलं असंल. पोट चिरून बघतो."

"देवीचा मासा चिरतोस? माझ्या लेकीला कोयता लावतोस?"

"मंग कळायचं कसं? उरलेलं बी जातील!"

आक्कानं तोंड फिरवलं. धाकूनं पोट चिरलं. आत काय? हिरवा भुगा! ठासून भरलेला, घासाला जागा नाही. "शेवाळ असंल," म्हणून धाकूनं चिमटीत चोळलं. शेवाळ चोळलं की विरतं. हे विरेना!

आक्कानं वर बघितलं. तीन उन्हाळ्यांत जाळी करपली होती. वारा आला, आणि हिरवे कण भुरुभुरु पाण्यावर पडले. माशांनी झडप घातली! त्यांना वाटलं, आक्कानं घास टाकला.

"धाकू... म्याच चारलं रं! माझ्या हातानं चारलं रं तिला!"

धावली जाळी ओढायला. हात लावला तिथं भुगा! ओढावी तेवढी पाण्यात सांडते. काय करावं त्या बाईनं?

गेल्या महिन्यात मी तळकोंडला गेलो. आक्का कंबरभर पाण्यात उभी, लुगड्याचा पदर दोन्ही हातांत धरून पाणी गाळत होती. मला बघून म्हणाली, "बुवा, दिसतं तेवढं पदरात येतं. पण दिसत नाय इतकं बारीक झालंय, ते कशानं काढू? खालच्या गावची पोरं ह्येच पाणी पितात. तुमी तर पुण्य म्हणाला होता न्हवं?"

मंडळी, तीस वर्षं कीर्तन करतोय. त्या बाईपुढं मान खाली घालून परत आलो.

आता सांगा, पाप कोणाच्या माथी? आक्काच्या? तिला ठाऊक नव्हतं, तरी ती रोज पाण्यात उभी राहून फेडते आहे. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. पण आज मला ठाऊक आहे, आणि आता तुम्हालाही!

वर बघा. अहो, माझ्याकडं काय बघता, वर बघा! कोणता रंग आहे मांडवाचा? सेक्रेटरीसाहेब, किती वर्षं वापरताय ही जाळी? चार? आणि मांडवाला लागून काय वाहतंय? मघापासून मी पेटीवरचं काहीतरी पुसतोय, तुम्ही पाहिलंत. हे बघा, बोटाला लागलंय. हिरवं आहे.

आरती थांबवा. देव थांबेल, नदी थांबायची नाही. शिड्या आणा. घरोघरची सुती धोतरं, लुगडी आणा, खाली अंथरा, आणि जाळी हळू उतरवा, ओढू नका. हे घ्या, पहिलं माझं उपरणं. धरा कुणीतरी दुसरं टोक.