शेवंतीच्या रानातली ओल

(मुंबईतलं नाहूर, १९८६. दसऱ्यानंतरची दुपार. राजाराम गावाहून नुकताच घरी आलाय आणि त्याची बायको मीरा हिनं त्याची पिशवी उपसली आहे.)

मीरा: ह्यावर उठलेली ही बोटं तुमची नव्हेत. तुमचं बोट जाड. ही बारीक आहेत, बाईची.

राजाराम: मातीचा गोळा आहे गं तो.

मीरा: दिसतंय मला. ओल्या फडक्यात गुंडाळून, सदऱ्यांच्या मधोमध जपून आणलेला. कुणी वळला?

राजाराम: शेवंतीनं.

मीरा: एवढ्या लवकर कबूल व्हाल असं वाटलं नव्हतं.

राजाराम: लपवायचं काय त्यात? आपलं रान ती वाट्यानं करते, जगाला ठाऊक आहे.

मीरा: जगाला हेही ठाऊक आहे की ती तुमच्या मामाची पोर, आणि तुमच्या आईनं तिलाच सून करायचं ठरवलं होतं. शेजारच्या रत्नप्रभावहिनी मला विचारतात, भावोजी दर दसऱ्याला एकटेच कसे गावी जातात? मी काय सांगू? जमिनीत हात घालायला जातात म्हणून?

राजाराम: तेच सांग. खरं आहे ते.

मीरा: कोकणातल्या बाईला सांगू? त्यांच्याकडं चार महिने नुसता धो धो. शाळूची ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते म्हटलं तर हसतील मला.

राजाराम: हसू देत. आपल्या माण तालुक्यात पेरल्यापासून कापणीपर्यंत वरनं थेंब येत नाही, त्याला मी काय करू? मातीच्या पोटात असेल तेवढंच पाणी. म्हणून आधी मालकानं हात घालून बघायचं, मग वाटेकऱ्यानं पेरायचं. बापजाद्यांपासून चालत आलंय. चुकलं तर दोघांचं चुकलं.

मीरा: दोघांचं. हा शब्द बरा येतो तुमच्या तोंडात. मग बघितलंत ना हात घालून? हा गोळा इथं कशाला?

राजाराम: कळलं नाही मला.

मीरा: काय कळलं नाही?

राजाराम: ओल पुरेल का नाही ते. रंगाच्या कारखान्यात थिनरनं हात मेलेत माझे. गार काय आणि ओलं काय, सगळं सारखंच लागतं. दोन-तीन वर्षं झाली, मी नुसता हात घालतो आणि तिच्या तोंडाकडं बघतो. तिनं मान हलवली की मीही हलवतो.

मीरा: तिच्या तोंडाकडं बघता.

राजाराम: मीरा.

मीरा: तुम्हीच म्हणालात.

राजाराम: ऐक तरी. यंदा तिलाही खात्री नाही. पाऊस दोनदाच झाला, बहात्तरच्या दुष्काळासारखी लक्षणं आहेत. तिकडं रोजगार हमीच्या तलावाच्या कामावर नावं घेतायत. ती तिकडं गेली तर रान पडीक. रानात थांबली आणि पीक वाळलं, तर कामही गेलं आणि दाणेही गेले. नवरा नाही, पदरात तीन पोरं. ती म्हणाली, हे मीराला दाखव.

मीरा: माझं नाव घेतलं तिनं?

राजाराम: म्हणाली, धोंडिरामतात्यांची लेक आहे ती. बापाबरोबर गावोगाव ओल बघत हिंडायची. तिच्या हाताला कळेल.

मीरा: म्हणजे तुम्ही दोघं बसून माझ्या गप्पा मारता.

राजाराम: चांगलंच बोललो गं.

मीरा: तिच्यापाशी. मला कधी बोललात? लग्न करून आणल्यापासून ह्या हातांनी भाकऱ्या थापल्या आणि नळावर हंडे उचलले. बाप मला काय शिकवून गेला ते एकदा तरी विचारलंत? तिनं सांगितल्यावर आठवलं तुम्हाला. जळतो माझा जीव, कळतंय का?

राजाराम: कळतंय.

मीरा: आणि मी म्हटलं, माती कोरडी आहे, पेरू नको. तर?

राजाराम: तर नाही पेरणार. तुझ्या शब्दावर रान कायमचं सोडून पोरं घेऊन कामावर जाईल.

मीरा: मग दर दसऱ्याला तुम्ही कुणाकडं जाणार?

राजाराम: कुणाकडंच नाही.

मीरा: बघा. एका शब्दाचं काम आहे.

राजाराम: आहे. तरीपण तुझ्यापुढंच ठेवलाय गोळा. तू म्हणशील तशी तार करतो. आठवडा गेला की पेरणीची वेळ टळली.

मीरा: फडकं कुणी भिजवलं?

राजाराम: मी. स्टँडवरच्या नळाखाली. वाटेत सुकू नये म्हणून.

मीरा: धन्य आहे तुमची. आता ह्यात रानाची ओल किती आणि नळाची किती, माझ्या बापालाही सांगता आलं नसतं.

राजाराम: वाट लागली. डोक्यातच आलं नाही.

मीरा: तसंही गोळ्यावर कळत नाही. वरची पावसाची ओल खालच्या जुन्या ओलीला मिळाली का, ते बघायचं असतं. मधे कोरडा थर राहिला तर पीक गुडघ्याएवढं येतं आणि करपतं. कोपरापर्यंत हात घालावा लागतो, चार ठिकाणी.

राजाराम: मग तार काय करू? कोरडी म्हणून?

मीरा: करावीशी तर वाटते.

राजाराम: अगं, तिची पोरं...

मीरा: माहीत आहे मला. नुसती ती असती तर केव्हाच कोरडी म्हटलं असतं. करा तार, येते म्हणून.

राजाराम: कोण येते?

मीरा: मी. एकटी. तुम्ही तुमची ड्युटी करा आणि पोरांना वेळेवर जेवायला घाला.

राजाराम: तिच्याच घरी उतरावं लागेल तुला.

मीरा: उतरेन. तिच्या हातची भाकरीही खाईन. एक विचारते, खरं सांगा. दिसते कशी ती आता?

राजाराम: उन्हात राबते. काळवंडलीय.

मीरा: विचारलं ते सांगा.

राजाराम: छान दिसते.

मीरा: मग माळ्यावरची ट्रंक काढा. जांभळी साडी आहे तिच्यात.

राजाराम: मातीत हात घालायला जांभळी साडी?

मीरा: मातीत हातच जाईल. बाकी मी तिच्या डोळ्यांसमोरच असणार ना.