दुकानात आलेला एकच सामना

दुकानदार : नाही वहिनी, वरच्या फळीवरही नाही. सगळे सिनेमे आणि गाणी. खेळाची तबकडी या दुकानात एकच आली, ती मीच तुमच्या घरी पोचवली होती.

वहिनी : ती नको म्हणून तर आलेय. दुसरी कुठलीही द्या. कुस्ती द्या, पोहण्याची शर्यत द्या.

दुकानदार : असती तर दिली नसती का? अहो, या ताटाएवढ्या लेझर तबकड्यांवर खेळ फारसे निघालेच नाहीत. ही घरी भरता येत नाही, कारखान्यातच छापायची. परवानग्या काढून, छापून दुकानात येईपर्यंत निकाल शेंबड्या पोरालाही पाठ झालेला. वरातीमागून आलेलं घोडं विकत कोण घेणार? ज्याला हौस, तो टीव्हीवरून टेपवर भरून घ्यायचा.

वहिनी : मग आमची कशी निघाली?

दुकानदार : अंतिम सामना ना तो. अर्धा एका बाजूला, अर्धा दुसऱ्या, बरोबर मावला. पण आपण हरलेला सामना बघणार कोण? कंपनीकडेच पडून राहिल्या. आपल्या गोलकीपरसाठी, तुमच्या नवऱ्यासाठी म्हणून मी एक मागवली होती.

वहिनी : निकाल ठाऊक असला की कोणी बघत नाही, म्हणता. यांना ठाऊक नसतो, भाऊजी. रोज नसतो.

दुकानदार : रोज लावतो तो?

वहिनी : चहा झाला की सुरू, सामना कधी आहे, सामना कधी आहे. मुलाचं नाव विसरले, पण तबकडी दोन्ही तळव्यांत कशी धरायची ते हातांना बरोबर आठवतं. मुलाने फोनवर दुसरा सामना लावून दिला, तर घाबरून फोन उशीखाली ढकलला. पहिल्या बाजूला आपण एका गोलने पुढे. खुशीत असतात. मला म्हणतात, बाई, तुम्हीही बसा.

दुकानदार : बाई?

वहिनी : त्यांना वाटतं मी कामाला आहे. मग म्हणतात, बाई, जरा उलटा ती. मी उलटते. बरोबरी होते, आणि शेवटचा गोल यांच्या हाताखालून जातो. लहान मुलासारखे रडतात हो. माणूस माझ्यासमोर रोज हरतो, आणि तबकडी उलटणारी मीच.

दुकानदार : मग उलटू नका. पुढे आहोत तेवढ्यावर थांबवा.

वहिनी : तेही करून बघितलं. मध्यंतर संपेचना. बूट घालून पलंगावर बसून राहिले, जेवेनात, झोपेनात. मला पुन्हा उतरायचंय, म्हणतात. इकडे आड, तिकडे विहीर. आज शेजारीण बसलीय म्हणून दाराबाहेर पाऊल तरी पडलं. मला कोंडून घातल्यासारखं झालंय, भाऊजी.

दुकानदार : वहिनी, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तबकडी पिशवीत दिसतेय मला.

वहिनी : ओरखडा पाडून द्याल? शेवटच्या गोलाच्या जरा आधी. बरोबरी असताना चित्र अडकेल. वेळ संपली, बरोबरीत सुटला, म्हणून सांगेन. माझा हात धजत नाही.

दुकानदार : आणा. मशीनवर लावून जागा बघतो आधी.

(पडद्यावर सामन्याचा आवाज.)

दुकानदार : हं, सापडली. गोल झाल्यावर पुढे काय आहे?

वहिनी : काही नाही. हे गवतावर पालथे पडलेले.

दुकानदार : आणि घरी?

वहिनी : रडतात. मग डोळे पुसून माझ्याकडे बघतात. त्या दिवशी मैदानात मी होते ना. लग्न व्हायचं होतं, यांनीच हट्टाने बोलावलं होतं. माझं नाव घेऊन विचारतात, तू बघितलंस का गं सगळं? मी म्हणते, छे, पुढे एवढी गर्दी, काही दिसलंच नाही.

दुकानदार : मग?

वहिनी : मग बरं वाटतं त्यांना. हात धरून झोपतात. सकाळी पुन्हा बाई.

दुकानदार : एकदा पडला की हा ओरखडा निघत नाही, वहिनी. पाडू?

वहिनी : थांबा जरा.

दुकानदार : शेजारीण खोळंबली असेल.

वहिनी : नको. द्या ती इकडे. मला नावाने हाक मारणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.