ओवीची मुलाखत

पोरांना घरच्या रीतींची लाज वाटायला शिकवता आणि वर त्यालाच चांगलं शिक्षण म्हणता!

आमच्या ताईचंच ऐका. दाजींचं दुबईत सोनं आटवायचं दुकान आहे. त्यांच्या सहा वर्षांच्या ओवीला तिथल्या ब्रिटिश शाळेत घालायचं होतं. मुलाखत मोबाईलवर, आमच्या विट्याच्या घरातूनच. ताईनं बजावलेलं, "मराठी शब्द निघाला तर बघ." कुकरसुद्धा बंद.

पडद्यावर पिकल्या केसांच्या मॅडम आल्या. ओवी उठली, वाकली आणि तिनं पडद्याच्या खालच्या कडेला हात लावला. लाल बटण तिथंच होतं. फोन कट!

"घालवलंस! आता बसा वर्षभर," ताई रडकुंडीला आली. दाजी परत परत लावत होते, फोन लागेना.

शेवटी मॅडमचाच आला. चेहरा कडक. "का बंद केलास?"

ओवी इंग्रजीत म्हणाली, "मी तुमच्या पाया पडले."

मॅडम पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "यावर मी काय म्हणायचं असतं?"

ताईनं मान खाली घातलेली. मला राहवेना. दारात उभ्या शेजारच्या आक्कांना मी मॅडमच्या प्रश्नाचा अर्थ मोठ्यानं मराठीत सांगितला.

आक्का तिथनंच ओरडल्या, "आवं म्याडम, 'सुखी ऱ्हा' म्हना आन् घ्या की पोरीला शाळंत!"