रॉ फाईलीतली नवरी

मी मूळची अंथुर्ण्याची, दिली सणसरला. आजा मेंढरं राखायचा, बापानं ऊस लावला, आनि मी बारामतीच्या स्टुडिओत लग्नाचे अल्बम बनवते. काय सांगू तुमाला, आमच्या घरात खुर्चीत बसून काम करनारी मीच पहिली.

आमचे मालक तात्या फोटो काढतात झकास, पन हुकूम असा की नवरी गोरीच दिसली पायजे. कशीबी असू दे, माऊस फिरवायचा आनि पिठात बुडवल्यावानी करायची. मीबी केल्या, लई केल्या, खोटं कशाला बोलू. दुसरा हुकूम, अल्बम झाला की रॉ फाईली उडवायच्या, जागा खातात. आता रॉ म्हंजे कच्ची फाईल, कॅमेऱ्यानं जे टिपलं ते समदं तिच्यात, वरनं कितीबी रंगरंगोटी करा, मूळ माल जिथल्या तितं. ती उडवायला माझा हात धजायचा न्हाय. हार्डडिस्क आनली, टेबलाच्या खनात ठेवली, आनि गुपचूप साठवत गेले.

तर एक दिवस सांगवीची नवरी आली, बापाला घेऊन. अल्बम आपटला न्हाय, हळू ठेवला, म्हनून मला जास्तच भ्या वाटलं. कन्यादानाचं पान उघडलं. बाप सावळा, उन्हातला मानूस, आनि शेजारी ही पांढरीफटक. म्हनली, ताई, माझ्या आबांच्या शेजारी ही कुनाची पोर उभी हाय? आबा म्हनले, जाऊ दे बाळा, चांगली दिसतीयास की. तर ती म्हनली, तुमच्यासारखी दिसले तर चांगली न्हाय व्हय मी? मानूस खाली बघायला लागला. मला मेल्यावानी झालं, ते पांढरं माझ्याच हातचं.

तात्या म्हनले, आता काय इलाज न्हाय, मूळ फाईली उडवल्यात. मी म्हनलं, तात्या, हायत. कुठं हायत? खनात. असे बघितले माझ्याकडं, वाटलं गेली नोकरी. गेली तर गेली. डिस्क लावली, त्या दोघांना शेजारी बसवलं, त्यांच्यादेखत फाईल उघडली. उजेड जरासा वाढवला, बस, चेहऱ्याला हात लावला न्हाय. बापलेकीचा रंग एक, नाक एक, आनि पोरीच्या कानाखाली हळद राहिलेली, ती सुदिक मी पुसली होती बघा! आबा खुर्चीतनं उठले, स्क्रीनवर बोट ठेवलं, म्हनले, ही माझी हाय.

अख्खा अल्बम नव्यानं केला मी. तात्या चार दिवस पुन्यांदा छापायच्या खर्चावरनं कुरकुरले, पाचव्या दिवशी त्यांनीच मोठी डिस्क आनून टेबलावर ठेवली. आता इंदापुरातनं सुदिक पोरी येतात, सांगवीच्या नवरीसारखा करा म्हनतात.

आनि परवा तात्यांच्याच लेकीचं लग्न झालं. फोटो माझ्यापुढं ठेवले, जरा घुटमळले, मग म्हनले, सुनंदा, पोर माझ्यावर गेलीय, तशीच राहू दे. मी मान वर केली न्हाय, केली असती तर दोघंबी रडलो असतो. कालच अल्बम छापायला गेला. पोरगी सुखात राहू दे, आनि हाय तशी दिसू दे.